शेवगावकरांनो, मुलांना मुंबईत हे दाखवाच

मुंबईला जाणार असाल तर काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. १९२२ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात मूर्ती, चित्रं, शस्त्रं सगळं आहे. पण लहान मुलं बरोबर असतील तर आधी निसर्ग विभाग गाठा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्यानं तो उभा राहिला. काचेमागे पेंढा भरलेले प्राणी-पक्षी त्यांच्या अधिवासाच्या देखाव्यात मांडलेत.

धनेशापाशी थांबा आणि मुलांना त्याची गोष्ट सांगा: मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर आठवडेच्या आठवडे तिला त्या फटीतून भरवतो. पोरं हे ऐकताना गप्प होतात.

रोहित पक्ष्यांचा देखावा मात्र आपल्यासाठी खास. हेच पाहुणे हिवाळ्यात आपल्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर येतात!

मुलं कंटाळली की बाहेर हिरवळ आहे. आवारातच २०१९ पासून खास मुलांचं संग्रहालयही आहे, गोरखचिंचेच्या जुन्या झाडालगत.

आणि परत आल्यावर, थंडी पडली की दुर्बीण घेऊन जायकवाडीच्या काठावर जा. काचेमागचा रोहित पाहिलेल्या मुलांना जिवंत थवा दाखवायचं राहून जाऊ देऊ नका.