स्वभावाला औषध नसेल, विचारांना आहे

‘स्वभावाला औषध नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घरातील वडीलधारे माणूस दिवसेंदिवस खिन्न राहू लागले, की ‘ते पहिल्यापासूनच काळजीखोर’ असे म्हणून आपण विषय मिटवतो आणि उपचार लांबतात.

काही माणसे मुळातच हळवी असतात. त्यांना नैराश्याचा धोका अधिक असतो, हे खरे. मात्र हळवा स्वभाव आणि नैराश्य यांना जोडणारा एक महत्त्वाचा दुवा असतो, तो म्हणजे विचारांची सवय. पुण्याहून मुलाचा फोन आला नाही, तर एक जण म्हणतो, ‘कामात असेल.’ दुसरा म्हणतो, ‘आता माझी कुणाला गरज नाही,’ आणि तेच रात्रभर घोळवत बसतो. प्रसंग एकच, पण दुसऱ्याची झोप उडते, अन्नावरची वासना जाते.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी मनाला उभ्या पिकातल्या ढोराची उपमा दिली. कितीही हाकलले तरी ते पुन्हा पिकावरच येते. घोळणारे विचार असेच असतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी अशा विचारांची पारख करायला शिकवणारी उपचारपद्धती मांडली. आज ती जगभर वापरली जाते.

म्हणून ‘नको ते विचार करू नका’ एवढे सांगून भागत नाही. तो विचार कागदावर लिहा. त्याला पुरावा काय, दुसरा अर्थ निघू शकेल का, हे शांतपणे तपासा. ठरल्या वेळी चालणे, भाजी निवडणे, भजनाला जाणे, नातवंडांना गोष्ट सांगणे अशा कामांत मन गुंतवा.

काळजी घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. उतारवयातील नैराश्य अनेकदा अंगदुखी, चिडचिड किंवा विसराळूपणाच्या रूपाने येते. अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता नाही ना, हेही तपासून घ्यावे. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य बोलता येते.

‘आता जगून काय करायचे?’ असे उद्गार ऐकू आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. त्याच दिवशी मदत घ्या. तो ‘स्वभाव’ नव्हे, आजार आहे. आणि तो बरा होऊ शकतो.