नळीत शिरलेला किरण

मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. १५८२ सालच्या मशिदीमुळे आणि जुन्या लढायांमुळे इतिहासात नोंदलं गेलेलं हे गाव. आज गावातल्या कुणाच्या हृदयाच्या नसेत ‘ब्लॉकेज’ निघालं, की घरचे रिपोर्टची पिशवी घेऊन अकोल्याकडे किंवा संभाजीनगरकडे निघतात. अशा वेळी हमखास कुणीतरी सुचवतं, “भाऊ, लेझरनं नस साफ करून घ्या, कापाकापी नाही.”

कापाकापी नाही, हे खरंच. पण बिनधोक आहे, हे खरं नाही.

हृदयाची अरुंद झालेली नस फुग्याने उघडण्याची पहिली अँजिओप्लास्टी १९७७ साली झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी केली. फुगा चरबीचा थर दाबतो; लेझर तो थर विरघळवून काढील, अशी पुढे आशा होती. त्यासाठी निवडला गेला ३०८ नॅनोमीटरचा अतिनील एक्सायमर किरण. तो ऊतीत जेमतेम पन्नास मायक्रॉन शिरतो, म्हणून आसपासचा भाग फारसा भाजत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मग हॉलंडमध्ये ३०८ रुग्णांवर लेझर आणि साधा फुगा यांची तुलना झाली. १९९६ मध्ये निष्कर्ष आला: लेझरचा निकाल फुग्यापेक्षा सरस नाही. नस पुन्हा अरुंद होणंही त्याने थांबलं नाही.

धोका नेमका कुठे असतो, हे समजायला कॅथेटरच्या टोकाशी जायला हवं. ०.९ ते २ मिलिमीटर जाडीची ती नळी सेकंदाला मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने पुढे सरकवायची असते. घाई केली, तर किरणाला काम करायला वेळच मिळत नाही आणि नळी नुसती ढकलली जाते. पुढे रक्त किंवा अँजिओग्राफीचं औषध असेल, तर ते किरण शोषतं, बुडबुडा फुगतो आणि फुटतो. त्या धक्क्याने नसेचं आतलं अस्तर चिरतं. त्यावरचा उपाय अगदी साधा निघाला: किरण सोडताना सलाइनची धार चालू ठेवायची. एवढ्या महागड्या यंत्राची सुरक्षितता मिठाच्या पाण्यावर टेकलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरीही नस आखडू शकते, गुठळीचा तुकडा सुटून पुढे अडकू शकतो, नस अचानक बंद पडू शकते. सर्वांत वाईट म्हणजे नसेला भोक पडणं. हे क्वचितच होतं, पण झालं तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचतं आणि हृदयाला फुलायला जागाच उरत नाही. वळणदार नसेत आणि फार जाड नळी वापरली तर ही भीती वाढते.

पण म्हणून लेझर टाकाऊ ठरत नाही. फुगा पार होत नाही असा कठीण अडथळा, नीट न उघडलेला जुना स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी), गुठळीने भरलेली नस, अशा निवडक ठिकाणी जाणकार डॉक्टर तो आजही वापरतात. बहुतेकांना मात्र फुगा आणि स्टेंट पुरतो. काहींना बायपास लागतो, काहींना नुसती औषधं.

आणि छातीत कळ आलीच, तर लेझरची चौकशी करत बसू नये. १०८ला फोन करावा, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच मिळालं, तर पुढच्या लांबच्या प्रवासात हृदयाचा स्नायू वाचू शकतो.

ठरवून करायच्या लेझरचं तसं नसतं. तिथे संमतीपत्रावर सही करण्याआधी लेकाने बिनधास्त विचारावं: “डॉक्टरसाहेब, बाबांना फुग्याने का होत नाही? तुम्ही लेझर किती जणांना केलंय? नस फाटलीच, तर भोक बुजवणारा कव्हर्ड स्टेंट इथं ठेवलाय का, आणि सर्जन किती मिनिटांत पोहोचतील?”