पंगत, टेबल आणि आगबोट

वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला वर्धा, वेणा, धाम, बोर अशा नद्या आल्या, समुद्र मात्र आला नाही. त्यामुळे आगबोटीवरील भोजनव्यवस्थेसारखा विषय आर्वी-हिंगणघाटच्या वाचकांपुढे मांडणे प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु 2021च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातून ‘एम्प्रेस’ हे कॉर्डेलिया कंपनीचे जहाज सहलीचे उतारू घेऊन निघू लागले, आणि तेव्हापासून, पूर्वी जे कुटुंब आजोबांच्या पंचाहत्तरीला गावजेवण घालून मोकळे झाले असते, त्यातल्या पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्या नातवांना, सगळ्यांनी सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबई गाठावी आणि तेथून गोव्यापर्यंत बोटीने जाऊन यावे, अशी कल्पना सुचू लागली, तर त्यात नवल मानण्याचे कारण उरलेले नाही.

समजा, असे एक बावीस माणसांचे कुटुंब निघाले आहे. आजोबा-आजी, तीन मुलगे, तीन सुना, दोन मुली, दोन जावई, थोरल्या जावयाची आई म्हणजे घरच्या विहीणबाई, आणि नऊ नातवंडे. निघण्यापूर्वी महिनाभर जी खलबते चालतात त्यांत खोल्या कोणाला कोणत्या, बोट लागली तर गोळी कोणती, आजींना जिना चढवेल की नाही, या साऱ्यांचा ऊहापोह होतो. रात्रीच्या जेवणाला कोणी कोणाशेजारी बसायचे हा प्रश्न मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतो. ‘बसतील सगळे मिळून’ एवढ्यावर त्याचा निकाल लागलेला असतो. आणि बोटीच्या मुख्य भोजनगृहाच्या दाराशी पोहोचल्यावर असे उघडकीस येते की, खोल्या पाच निरनिराळ्या नावांवर घेतल्या गेल्यामुळे कुटुंबाची पाच शकले होऊन ती दालनाच्या पाच कोपऱ्यांत मुक्रर झालेली आहेत, आणि विहीणबाईंच्या समोर सुरतेचे एक अपरिचित दांपत्य सूप पीत बसलेले आहे.

हे का होते, ते समजण्यासाठी बोटीचा शिरस्ता जाणून घेतला पाहिजे. दीड हजारांहून अधिक उतारू वाहणाऱ्या जहाजावर सर्वांना एकाच वेळी जेवू घालण्याएवढे भोजनगृह बांधणे परवडत नाही; म्हणून मोठ्या विलायती जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या ठेवण्याची वहिवाट पडली, पहिली साधारण सहाच्या सुमारास आणि दुसरी सव्वाआठ-साडेआठच्या. पाळी एकदा ठरली की टेबलाचा क्रमांक ठरतो आणि सफर संपेपर्यंत तोच वाढपी तुमच्या दिमतीला राहतो. अलीकडे ‘वाटेल तेव्हा या आणि मिळेल तेथे बसा’ अशीही सोय पुष्कळ कंपन्यांनी केली आहे. ती नवराबायकोच्या जोडप्याला सुखाची असली तरी बावीस माणसांच्या खटल्याला तिचा उपयोग शून्य. टेबले दोघांची, चौघांची, सहांची, आठांची, फार तर दहांची. तेव्हा कुटुंब मोठे असेल तर त्याची फाळणी अटळ असते. ती फाळणी कंपनीच्या कारकुनाने करायची की घरच्या कारभाऱ्याने, एवढाच काय तो प्रश्न.

आपल्याकडच्या माणसाला ही अडचण आधी लक्षात येत नाही, याचे कारण तो पंगतीत वाढलेला असतो. पंगत ही लांबणारी वस्तू आहे. बावीसांचे बत्तीस झाले तर पळसाच्या आणखी दहा पत्रावळी टाकल्या, चार सतरंज्या उलगडल्या, की काम भागते. मांडवात वाढणारी गावची पोरे वरणाची बादली आणि ओगराळे घेऊन एका टोकाकडून निघतात ती दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत थांबत नाहीत; पंगतीला मध्ये कोठे कड नसते, त्यामुळे ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ अशी हद्द पडत नाही. टेबलाला मात्र चारी बाजूंनी कड असते. गंमत अशी की, जुन्या काळच्या आगबोटीही पंगतीच्याच चालीच्या होत्या: लांबच लांब टेबले, दोन्ही बाजूंना जमिनीस स्क्रूने जखडलेल्या फिरत्या खुर्च्या, आणि समुद्र खवळला की बशा घसरू नयेत म्हणून टेबलावर लावायच्या लाकडी पट्ट्या. सुट्या लहान टेबलांची टूम पुढे हॉटेलांच्या अनुकरणाने आली.

अशाच जुन्या चालीच्या काळात, 4 सप्टेंबर 1888 रोजी, ‘क्लाइड’ नावाच्या बोटीने एक एकोणिसाव्या वर्षातला काठेवाडी तरुण मुंबईहून विलायतेस निघाला होता. त्याला काटे-चमचे धरता येत नव्हते. कोणत्या पदार्थांत मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नव्हते. म्हणून तो भोजनाच्या टेबलाकडे फिरकलाच नाही आणि घरून बरोबर दिलेली मिठाई व फळे खोलीत बसून खात राहिला. त्याच्या खोलीतील सोबती, जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार, हे वयाने मोठे व सर्वांत मिसळणारे गृहस्थ. ते त्याला बाहेर पडण्याविषयी परोपरीने सांगत, पण भीड चेपली नाही. मोहनदास गांधींनी हा वृत्तांत स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. मजमुदारांसारखा सोबती लाभूनही जे साधले नाही, ते त्या टेबलावर शेजारच्या खुर्चीत ओळखीचे माणूस असते तर कदाचित साधले असते, असे मला नेहमी वाटते. भिडस्त माणसाला उपदेशापेक्षा शेजार अधिक उपयोगी पडतो.

हाच माणूस 1936 मध्ये वर्ध्यापासून दोन-अडीच कोसांवरील सेगाव या खेड्यात येऊन राहिला, पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले, आणि तेथे त्याच्या पंगतीला देशोदेशीचे लोक बसू लागले. त्या पंगतीचे बारकाईने केलेले एक वर्णन उपलब्ध आहे. 1942च्या जून महिन्यात लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामला राहिला होता. वर्ध्याचा जून म्हणजे काय असतो हे येथे सांगण्याची तसदी घेत नाही. तीन बाजूंना तट्ट्यांच्या भिंती आणि चौथी बाजू उघडी, अशा त्या भोजनशाळेत सुमारे तीस माणसे जमिनीवर बसलेली असत. प्रत्येकाखाली पातळ चटई, पुढ्यात पितळी ताट. गांधी बसत ते आत, मानाच्या जागी नव्हे, तर प्रवेशाच्या जवळ. त्यांच्या डाव्या हाताला कस्तुरबा, उजव्या हाताला हा परका पाहुणा; आणि पाहुण्याच्या बरोबर समोर तीन ते आठ वर्षांची चिमुरडी मुले. काही भांडी गांधींच्या पायांशीच ठेवलेली असत आणि त्यांतली भाजी नि कागदासारखी पातळ पोळी ते स्वतःच्या हाताने शेजाऱ्याला देत. बाकीचे वाढप आश्रमातले स्त्री-पुरुष अनवाणी पायांनी, आवाज न करता करीत. मग घंटा होई, वाढणारा जागच्या जागी ताठ उभा राहून डोळे मिटी आणि प्रार्थना सुरू करी.

या मांडणीकडे जरा थांबून पाहावे. यजमान दाराशी बसला म्हणजे उशिरा येणारा, लवकर उठणारा आणि बाहेरून निरोप घेऊन येणारा, तिघेही त्याच्या नजरेत राहतात. ज्याला येथले रीतिरिवाज ठाऊक नाहीत तो पाहुणा त्याच्या हाताच्या अंतरावर असतो, म्हणजे काय खावे व कसे खावे हे त्याला विचारावे लागत नाही, नुसते पाहिले की कळते. आणि पाहुण्यासमोर मोठी माणसे न बसवता मुले बसवली की त्याच्यावर संभाषणाचा भार पडत नाही. मुले त्याच्याकडे टकमक पाहतात, तो त्यांच्याकडे पाहून हसतो, आणि जेवण पार पडते. हे सारे योजून केलेले होते की सवयीने जमलेले, ते असो. पण ‘क्लाइड’च्या खोलीत एकट्याने मिठाई खाल्लेल्या माणसाच्या पंगतीत नवख्याला एकटे पडू न देण्याची तजवीज असावी, हे मला तरी स्वाभाविक वाटते. एक उणे मात्र नमूद केले पाहिजे: कस्तुरबा सोडल्या तर बायका त्या पंगतीतही वेगळ्याच बसत.

पंगतीचे गोडवे गाताना तिचा दुसरा चेहरा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे नाही, याचा जेवढा कडक जाबता आपल्या समाजाने शतकानुशतके पाळला तेवढा कोणत्याही आगबोट कंपनीने पाळला नसेल. जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर 1928 मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले तेव्हा जे वादळ उठले ते दर्शनापुरते. एका ओळीत जेवणे ही त्याहूनही अवघड पायरी होती, आणि आश्रमाच्या स्वयंपाकघराने ती ओलांडली. घरातल्या घरातही पंक्तिप्रपंच चालतोच: जावयाच्या वाटीत तुपाची धार जरा मोठी, आणि उशिरा बसलेल्या सुनांच्या पत्रावळीवर वरणाला पाणी अधिक. बोटीवर वाढपी सर्वांना सारखेच आणून देतो, हा टेबलाचा निःसंशय मोठा गुण आहे, आणि घरी नेहमी शेवटल्या पंगतीला बसणाऱ्या सुना तेथे पहिल्या घासापासून गरम जेवतात.

आता आपल्या बावीस माणसांकडे वळू. बहुतेक घरे टेबले शाखांप्रमाणे वाटतात: थोरल्याचे कुटुंब एका टेबलावर, मधल्याचे दुसऱ्या, धाकट्याचे तिसऱ्या. ही सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत वाईट वाटणी. जी चार माणसे घरी रोज एकत्र जेवतात तीच येथेही एकत्र जेवतात, पोरे तेथेही मोबाइल पाहतात, आणि एवढा खर्च करून भाऊ भावाला पाठमोरा बसतो. त्याऐवजी लागून असलेली तीन टेबले, दोन आठांची व एक सहाचे, मागून घ्यावीत आणि प्रत्येक टेबलावर दोन-तीन पिढ्या येतील असे पाहावे. आजोबा आणि आजी यांना एकाच टेबलावर बसवू नये, असे मी म्हणालो तर पुष्कळांच्या भुवया उंचावतील. पण घरातली दोन वडीलधारी माणसे एका टेबलावर गेली की ते टेबल दरबार होते आणि उरलेली दोन पोरकी. आजोबांच्या गोळ्यांची डबी एखाद्या नातीच्या हवाली करावी. ती आजींपेक्षा कडक शिस्तीने गोळी देईल.

विहीणबाईंना पाहुणीचा मान हवा असतो आणि पाहुणी म्हणून वगळले जाणे नको असते. त्यांना आजींच्या उजव्या हाताला बसवावे, समोर लहान नातवंडे द्यावीत, आणि त्यांच्या पाठीशी स्वयंपाकघराचे सतत हलणारे दार येणार नाही याची जातीने खातरजमा करावी. विहिणीची पंगत रुसव्याने मोडल्याच्या कथा आपल्याकडे थोड्या नाहीत. आजोबा माळकरी असतील तर त्यांच्या टेबलावर कोळंबीची बशी येता कामा नये. यासाठी कोणावर बंदी घालण्याची गरज नाही. ज्यांना मासे खायचे आहेत अशा नातवांची सोय सहाच्या टेबलावर करावी आणि ते टेबल आजोबांच्या नजरेच्या रेषेत नसेल असे बघावे. आजोबांना त्याची कल्पना असतेच, फक्त दर्शन नको असते. कोणाला मधुमेह असेल, इन्शुलिनची वेळ बांधलेली असेल, तर साऱ्या घराने निमूटपणे पहिली पाळी पत्करावी. खेड्यात दिवेलागणीला जेवणाऱ्यांना ती जड जाणार नाही, आणि मुंबईकर नातवांना रात्री दहाला पुन्हा भूक लागली तर बुफे उघडा असतो. दुसऱ्या रात्री प्रत्येक टेबलावरून दोघातिघांनी जागा बदलाव्यात. कोणी हलायचे ते मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, नाहीतर ‘मलाच का उठवले’ हा प्रश्न गोव्यापर्यंत पुरतो.

या सगळ्याचा बंदोबस्त दोन टप्प्यांत होतो. तिकिटे काढतानाच पाचही आरक्षणे एकमेकांस जोडून घ्यावीत, पाळी कोणती ते कळवावे आणि बिनकांदा-लसणाच्या किंवा जैन जेवणाची नोंद करावी. एवढे करूनही चूक राहून गेली, तर पहिल्या दिवशी बोटीवर पाऊल ठेवताच भोजनगृहाच्या मुखत्याराला गाठावे. मोठ्या बोटींवर हा अधिकारी त्या दुपारी टेबलांची फेररचना करण्यासाठीच बहुधा उपलब्ध असतो, आणि जो आधी जातो त्याला लागून टेबले मिळतात. इतर मंडळी सामान लावीत असतील, पोरे पोहण्याच्या तलावाकडे धावली असतील. त्या वेळी बावीस नावांची यादी हातात घेऊन कोणाला पाठवायचे, हे घरूनच ठरवून ठेवावे. जावयांना पाठवू नये, ते भिडेखातर मिळेल ते स्वीकारून येतात. थोरला मुलगा बोटीचे छायाचित्र काढण्यात गुंतलेला असतो. थोरल्या मुलीला, म्हणजे पोरांच्या मोठ्या आत्याला, पाठवावे. माहेरच्या प्रत्येक लग्नात पाने तिनेच मांडलेली असतात, कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे तिला तोंडपाठ असते, आणि तिन्ही टेबले शेजारी-शेजारी मिळाल्यावाचून ती त्या अधिकाऱ्यासमोरून हलणार नाही.