थ्री-नॉट-थ्रीचा कारभार

२६ जानेवारी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ रायफलीला संचलनात अखेरचा निरोप दिला. स्वातंत्र्याच्याही आधीपासून त्यांच्या खांद्यावर असलेली ही रायफल सरकारी कागदात ‘पॉइंट थ्री-नॉट-थ्री’ आणि लोकांच्या तोंडी नुसती ‘थ्री-नॉट-थ्री’. महाराष्ट्रातही ट्रेझरीच्या दारात, बँकेच्या गाडीत, गणपतीच्या बंदोबस्तात तिला पाहिलेली माणसं आज चाळिशीच्या पुढची आहेत. १९६२ साली चीनच्या सीमेवरच्या आपल्या जवानांच्या हातात ती होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात, समोर एके-४७ चालत असताना, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका हवालदाराने सहकाऱ्याची थ्री-नॉट-थ्री हातात घेऊन गोळी झाडली, तीही हीच. तिची टवाळीही पुष्कळ झाली. तरी सुरक्षितपणे बंदूक हाताळणं म्हणजे काय, हे शिकायला तिच्याहून चांगली शिक्षिका नाही, असं माझं मत आहे. कारण ही रायफल आपणहून काहीच करत नाही. जे काही होतं ते माणसाच्या हाताने, त्याने ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने होतं.

तिचं पूर्ण नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत काम केलेला कारागीर. बोल्टची रचना आणि खालून बसणारं मॅगझिन ही त्याची देणगी. १८८८ मध्ये ब्रिटिश लष्कराने ती घेतली तेव्हा नळी मेटफर्ड या अभियंत्याच्या पद्धतीची होती, आतल्या खाचा उथळ आणि गोलसर. काळ्या दारूला त्या ठीक होत्या. पुढे कॉर्डाइट ही नवी दारू आली आणि तिच्या आचेने त्या खाचा भराभर झिजू लागल्या. मग १८९५ मध्ये एनफिल्डच्या कारखान्याने पाच खोल खाचांची नळी दिली आणि नावातला मेटफर्ड गेला. १९०७ चं ‘मार्क थ्री’ हे रूप पुढे बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीत लाखांनी तयार झालं. तिची काडतुसं बनवण्यात आपल्या पुण्याच्या खडकीचाही वाटा होता. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं दिसली की ती किर्की फॅक्टरीची.

आता बोल्ट. दाराच्या अडसरासारखा हा पोलादी दांडा नळीच्या मागच्या तोंडाशी बसतो. हँडल वर उचललं की अडसर सुटतो. मागे ओढलं की नखासारखा एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो. पुढे ढकललं की मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस चेंबरमध्ये सरकतं आणि ली-एनफिल्डमध्ये याच वेळी आतली स्प्रिंग ताणली जाते. हँडल खाली पाडलं की दार बंद. जर्मन माउझर आणि तिच्या वंशातल्या बहुतेक रायफली स्प्रिंग ताणतात ती हँडल उचलताना. शिवाय माउझरचा अडसर पुढे, चेंबरच्या लगत असतो, तर लीचा मागे. मागच्या अडसराने बोल्टचा पल्ला आखूड आणि हालचाल मऊ झाली, म्हणून ही रायफल इतकी झटपट चालते. मजबुतीत मात्र माउझर सरस.

या चार हालचाली नीट कळल्या की सुरक्षेचे अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. रायफल रिकामी करताना आधी मॅगझिन काढायचं आणि मग बोल्ट उघडायचा, असं का? मॅगझिन जागेवर ठेवून बोल्ट मागे ओढला तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, बघणाऱ्याला वाटतं झालं रिकामं, आणि तो बोल्ट पुन्हा पुढे सारतो. त्या क्षणी खालचं दुसरं काडतूस गुपचूप आत जातं. मग ‘रिकाम्या’ रायफलीचा चाप कुणीतरी गमतीने ओढतो. वर्तमानपत्रातल्या ‘साफ करताना गोळी सुटली’ या बातमीमागे बहुतेकदा हाच उलटा क्रम असतो. तेव्हा नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा आणि मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं. नुसतं बघून भागत नाही, अंधारात तर नाहीच. करंगळी आत घालून चाचपायचं. रायफल दुसऱ्याच्या हातात द्यायची ती बोल्ट उघडा ठेवूनच, आणि घेणाऱ्यानेही पुन्हा स्वतः तपासायचं. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. एनसीसीच्या कॅडेटला ‘जाँच शस्त्र’चा हुकूम फायरिंगआधीही मिळतो आणि नंतरही, तो उगाच नाही.

सेफ्टी कॅचवर माझा फारसा विश्वास नाही. ली-एनफिल्डमध्ये डाव्या बाजूला छोटी कळ असते. मागे केली की बोल्ट आणि त्याच्या मागच्या टोकाचा कॉकिंग पीस दोन्ही अडकतात, पुढे केली की मोकळे. नवी असताना ती चोख काम करते. पण पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या रायफलीत तिचे दात झिजलेले असतात आणि ते बाहेरून दिसत नाही. कळ वापरावी जरूर, पण नळीची दिशा आणि चापाबाहेरचं बोट यांची जागा तिला देऊ नये. या रायफलीत आणखी एक सोय आहे. कॉकिंग पीस बोल्टच्या मागे उघडाच असतो, म्हणून स्प्रिंग ताणलेली आहे की नाही हे नजरेला दिसतं आणि अंगठ्यालाही कळतं. चेंबरमध्ये काडतूस आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही.

निशाणापलीकडे काय आहे, हा प्रश्न आपल्याकडे फार हलका घेतला जातो. .३०३ ची सुमारे सव्वाअकरा ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ७४४ मीटर वेगाने निघते आणि कोन जमला तर तीन किलोमीटरांच्याही पलीकडे जाऊन पडते. पॉइंट टू-टूची चिमुकली गोळीदेखील दीड किलोमीटर जाऊ शकते. म्हणून रेंजवर निशाणामागे मातीचा उंच बांध लागतो. डोंगराच्या कड्यावर उभ्या असलेल्या जनावरावर, पाण्यावर किंवा खडकावर गोळी झाडत नाहीत. कड्यामागे काय आहे ते दिसत नाही आणि पाणी-खडक गोळीला भलत्याच दिशेला उडवतात. लग्नाच्या वरातीत आकाशात बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात वेगळं कलमच आलं : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चाप ओढला आणि आवाजच झाला नाही, तर? बोल्ट लगेच उघडायचा नाही. काडतुसाच्या बुडातली टोपी पेटलेली असू शकते आणि दारू काही क्षण उशिराने भडकू शकते. खांद्यावरून न हलवता नळी निशाणाकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं, मग तोंड बाजूला ठेवून बोल्ट उघडायचा. याहून घातक म्हणजे फुसका बार. नेहमीचा धडाका न होता ‘फट्’ असा आवाज आला आणि खांद्याला दणका बसला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असण्याची दाट शक्यता. घाईत मागून दुसरी झाडली तर नळी फाटते. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसल्याखेरीज पुढचं काडतूस भरायचं नाही. चिखल, विसरलेली चिंदी किंवा दाट तेल नळीत राहिलं तरी धोका त्याच जातीचा.

.३०३ चं काडतूस कडेचं, म्हणजे त्याच्या बुडाला बाहेर आलेली रिम असते. मॅगझिनमध्ये भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे यायला हवी. मागे आली की दोन रिम एकमेकींत अडकतात आणि बोल्ट मध्येच थबकतो. नवखा माणूस अशा वेळी जोर लावतो. जोर लावायचा नाही, मॅगझिन काढून काडतुसं पुन्हा रचायची. दहा काडतुसं मावतात, पाच-पाचच्या क्लिपने भरता येतात, पण क्लिपमध्येही क्रम चुकला तर तीच गत.

काडतूस कोरडं असावं, हा नियम ऐकायला क्षुल्लक वाटतो. बार होताच पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे येणाऱ्या दाबाचा मोठा भाग तीच सोसते. चेंबर किंवा पुंगळी तेलकट वा ओली असली की ही पकड सुटते आणि सगळा रेटा बोल्टवर येतो. मागच्या अडसराच्या रायफलीला हे मुळीच मानवत नाही.

याच्याशी जोडलेली गोष्ट म्हणजे बोल्टचा नंबर. प्रत्येक ली-एनफिल्डच्या बोल्टवर आणि बॉडीवर एकच नंबर ठोकलेला असतो. बोल्टचं पुढचं डोकं आणि पुंगळीची रिम यांच्यातली फट त्या त्या रायफलीसाठी कारखान्यात जुळवलेली असते. शिबिरात दहा रायफली एकाच सतरंजीवर साफ करायला घेतल्या आणि बोल्ट सरमिसळ झाले, तर दिसायला सगळे बसतात, फिरतातही. पण फट वाढलेल्या रायफलीत पुंगळी मागे ताणली जाऊन बुडाशी तुटू शकते आणि तापलेला वायू झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. म्हणून साफसफाईचा पहिला नियम असा की एका वेळी एकच बोल्ट उघडा. बोल्टहेड परत लावताना ते पूर्ण आत फिरलं पाहिजे, एक आटा कमी राहूनही चालत नाही. कवायतीच्या ‘डीपी’ रायफलीबद्दल इतकंच की त्या झाडण्यासाठी नसतातच. त्यात खरं काडतूस घालून ‘बघू चालते का’ म्हणणाऱ्याला तिथून बाहेर काढावं.

जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर त्याचा पोटॅशियम क्लोराइड होतो, आणि हा आपल्या मिठाचाच सख्खा भाऊ. नळीच्या खाचांत त्याचा पातळ थर बसतो, हवेतली ओल ओढून घेतो आणि पोलाद खायला लागतो. तेल चोळून उपयोग नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाही, उलट तेलाच्या थराखाली सुरक्षित बसून गंज धरतो. उपाय पाण्याचा. जुन्या पलटणीत फायरिंगनंतर चेंबरच्या बाजूने नरसाळं लावून दोन-तीन लिटर उकळतं पाणी नळीतून ओतायचे. उकळतं एवढ्यासाठी की क्षार विरघळतो आणि तापलेली नळी आपोआप सुकते. मग कोरडी चिंदी, मग तेलाची. त्यानंतरचे काही दिवस पुन्हा पुन्हा पुसून बघायचं. जुलैच्या रत्नागिरीत किंवा मुंबईत हे काम दुसऱ्या दिवसावर ढकललं तर सकाळी चिंदी तांबूस निघते. आजच्या काडतुसांच्या टोप्यांत तो क्षार नसतो. पण जुना साठा कोणत्या काळातला हे ठाऊक नसेल, तर क्षार आहे असंच धरून चालावं.

दस्त्याच्या पितळी झाकणामागच्या कप्प्यात तेलाची बाटली आणि पुल-थ्रू ठेवलेला असतो. पुल-थ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. वजन चेंबरमधून सोडायचं, ते नळीच्या तोंडाने बाहेर येतं, मागच्या फासात चार बाय दोन इंचाची फ्लॅनेलची चिंदी अडकवायची आणि एका दमात ओढायची. ओढायची ती सरळ. तिरकी ओढली की दोरी नळीच्या तोंडावर एकाच जागी घासते आणि वर्षानुवर्षांनी तिथे खोबण पडते. गोळी सुटताना तिला शेवटचा स्पर्श होतो तो याच कडेचा. ती एका बाजूने झिजली की नेम गेला, मग बाकी रायफल कितीही चकचकीत असो. गज वापरायचा झाला तरी तो शक्यतो मागून घालावा. नळी झाली की बोल्टचा चेहरा, एक्स्ट्रॅक्टरचं नख आणि चेंबर पुसावं. तेल बोटाला जाणवेल इतकंच, ओघळेल इतकं नाही. आणि झाडण्यापूर्वी नळी कोरडी करून घ्यावी.

लाकडाला पावसाळ्याचा त्रास असतोच. पुढचं लाकूड फुगून नळीला एका बाजूने दाबलं की जूनमध्ये लागणारा नेम ऑगस्टमध्ये सरकतो. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात दिलेले असले तर ओल कमी शिरते. रायफल चामड्याच्या किंवा लोकरी खोळीत महिनोन् महिने ठेवणं हा मात्र शुद्ध वेडेपणा. खोळ ओल धरते आणि कमावलेल्या चामड्यातला आम्लांश पोलादाला लागतो.

बोल्टचा जमाना संपला असं समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं, ते पॉइंट टू-टूच्या रायफलीने. या खेळातल्या रायफलींचा बोल्ट प्रत्येक गोळीला हातानेच फिरवतात. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद पटकावलं होतं. त्या निशाणातला दहाचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा. अशा रेंजवर नेमबाज जागेवरून उठला की रायफलीच्या चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालतो, म्हणजे दुरूनही दिसावं की आत काही नाही. पॉइंट टू-टूची टोपी वेगळी नसून कडेतच असल्याने रिकामा चाप ओढला तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिला खड्डा पाडते. सराव रिकाम्या पुंगळीवर करावा.

.३०३ लष्करी मापाची असल्याने सामान्य परवान्यावर मिळत नाही. नागरिकांना मिळते ती ईशापूरचीच .३१५, लीच्याच बोल्टवर बांधलेली. म्हणजे वर सांगितलेलं बहुतेक सगळं तिलाही लागू. घरात वडिलांची किंवा आजोबांची अशी रायफल असेल आणि परवानाधारक हयात नसतील, तर ती कपाटात ठेवून देऊ नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, वारस म्हणून रीतसर अर्ज करा आणि परवाना हातात आल्यावर, पहिलं काडतूस भरण्याआधी, एखाद्या जाणत्या गनस्मिथकडून बोल्टची फट तपासून घ्या.