बर्फाने दिलेली शिशाची साक्ष

रक्ताचा अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर आधी 'नॉर्मल' या रकान्याकडे जाते. आपला आकडा त्या मर्यादेत दिसला की जीव भांड्यात पडतो. ही मर्यादा ठरते ती असंख्य लोकांच्या तपासण्यांवरून. पण त्या सगळ्यांच्याच शरीरात थोडे थोडे विष साचलेले असेल तर? शिशाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला क्लेअर पॅटरसन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने, आणि त्याचा मोठा पुरावा त्यांना सापडला ग्रीनलंडच्या बर्फात.

पॅटरसन यांचा जन्म १९२२ सालचा, आयोवा राज्यातला. शिकागो विद्यापीठात पीएच.डी. केल्यावर ते कॅलिफोर्नियातील 'कॅल्टेक' या संस्थेत गेले. युरेनियमचा ऱ्हास होत त्याचे शिसे बनते, या तत्त्वाच्या आधारे त्यांनी उल्केतील शिसे मोजले आणि १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे मांडले. हा आकडा आजही जवळपास तसाच मानला जातो.

या कामात त्यांना एका गोष्टीने सतत छळले. नमुन्यात असायला हवे त्याहून कितीतरी जास्त शिसे सापडे. ते हवेतून येई, पाण्यातून येई, काचेच्या भांड्यांतून, कपड्यांवरून, अगदी माणसाच्या केसांतूनही येई. म्हणून त्यांनी गाळलेल्या हवेची, आम्लाने धुतलेल्या उपकरणांची काटेकोर स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: हे एवढे शिसे आले कुठून?

संशय पेट्रोलवर होता. इंजिनाची खडखड थांबावी म्हणून १९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात होते. समुद्राच्या खोल पाण्यापेक्षा वरच्या थरात पॅटरसन यांना शिसे बरेच जास्त आढळले, म्हणजे ते अलीकडेच पडलेले होते. पण पूर्वीची हवा कशी होती, हे कळायला तिची जुनी नोंद हवी होती. ती बर्फात होती.

ध्रुवीय प्रदेशात दरवर्षी पडणारे हिम वितळत नाही. थरावर थर चढतो, वजनाने दाबला जातो आणि त्याचा बर्फ होतो. त्यात त्या त्या वर्षीची धूळ, मीठ आणि धातूंचे कण अडकतात, तर बुडबुड्यांत त्या काळची हवा कोंडून राहते. अंटार्क्टिकाच्या अशाच बर्फावरून शास्त्रज्ञांनी गेल्या आठ लाख वर्षांतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आणि हवामानाचे चढउतार उलगडले आहेत. पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात शिसे शोधले. एक किलो बर्फात ते एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असते. हातमोज्याचा किंवा करवतीचा जराही मळ लागला तर सारी मेहनत वाया जाणार होती.

१९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ख्रिस्तपूर्व ८०० च्या सुमाराच्या बर्फाच्या तुलनेत १९६५ च्या हिमात शिसे सुमारे दोनशे पट होते, आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची होती.

उद्योगाच्या बाजूने उभे होते डॉ. रॉबर्ट केहो. शिसे शरीरात नैसर्गिकपणेच असते आणि ठरावीक पातळीखाली ते निरुपद्रवी असते, हे त्यांचे म्हणणे अनेक दशके प्रमाण मानले गेले. सर्रास आढळणारे प्रमाण नैसर्गिक असतेच असे नाही, हे पॅटरसन यांनी १९६५ च्या लेखातच बजावले होते. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९७१ मध्ये हवेतील शिशाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय समितीत, या विषयातील अग्रगण्य तज्ज्ञ असूनही, त्यांना स्थान मिळाले नाही.

पण पुढे पेट्रोलमधून शिसे टप्प्याटप्प्याने कमी झाले आणि परिणाम रक्तात दिसला. १९७६-८० या काळात अमेरिकी नागरिकांच्या रक्तातील सरासरी शिसे प्रति डेसिलिटर १२.८ मायक्रोग्रॅम होते. १९८८-९१ पर्यंत ते २.८ वर आले. पॅटरसन १९९५ मध्ये वारले. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि २०२१ मध्ये अल्जीरियात वाहनांसाठीची त्याची विक्री थांबल्यावर ते जगातून हद्दपार झाले.

शिसे मात्र हद्दपार झालेले नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याची ठिकाणे, घरांचे जुने पोपडे निघणारे रंग, काही प्रकारचा सुरमा, पिवळेधमक दिसावे म्हणून हळदीत केलेली भेसळ, यांतून ते आजही शरीरात जाते. आतड्यातून ते मोठ्यांपेक्षा मुलांच्या शरीरात जास्त शोषले जाते. लोह आणि कॅल्शियमची कमतरता असेल तर आणखीच. ते हाडांत वर्षानुवर्षे साठते, रक्त कमी करते आणि वाढत्या मेंदूचे नुकसान करते. हे नुकसान बहुधा कोणत्याही ठळक लक्षणाशिवाय होते, आणि एकदा झाले की भरून येत नाही. म्हणून जोखमीच्या परिसरात राहणाऱ्या मुलांची रक्तातील शिशाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर करावी. अहवाल वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित पातळी कोणतीच नाही.