साठ किलोमीटरवरचा जागतिक चित्रपट

मराठवाड्यात जागतिक चित्रपटांचा हंगाम जानेवारीत येतो. छत्रपती संभाजीनगर येथील अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने जानेवारी २०२५ मध्ये दहावे पर्व पूर्ण केले, त्यात सई परांजपे यांना पद्मपाणी जीवनगौरव पुरस्काराने सन्मानित करण्यात आले, आणि एरवी पुणे-मुंबई गाठल्याशिवाय मोठ्या पडद्यावर न दिसणारे परदेशी चित्रपट या भागातील रसिकांच्या आवाक्यात आले. तेथून जालना सुमारे साठ किलोमीटर. १७२५ च्या सुमारास निजाम आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने बांधलेला मस्तगड ज्या शहरात उभा आहे आणि बियाणे व पोलाद यांमुळे ज्याचे नाव देशभर झाले आहे, तेथील नोकरदाराला किंवा विद्यार्थ्याला हे अंतर एखाद्या दिवशी कापता येते. पण सलग काही दिवस रजा काढणे आणि रात्रीचा खेळ सुटल्यावर परतीची सोय पाहणे त्याला परवडत नाही.

महोत्सवाची घडणही या अंतरात भर घालते. भारतात सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना मात्र केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय त्यातून सूट देऊ शकते, आणि म्हणून असे खेळ सहसा तिकीट काढून येणाऱ्या कोणाहीसाठी नसून नाव नोंदवलेल्या प्रतिनिधींसाठी असतात. चित्रपटही आता रिळांच्या डब्यांतून येत नाही. तो ‘डीसीपी’ म्हणजे चित्रपटगृहासाठी तयार केलेल्या डिजिटल संचाच्या रूपात हार्ड डिस्कवर येतो, आणि बहुधा त्याला ‘केडीएम’ नावाची डिजिटल किल्ली लागते. ही किल्ली ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक मुदतीपुरतीच चालते; मुदत उलटली की डिस्क हाताशी असूनही पडदा कोराच राहतो. संभाजीनगरात दाखवलेला चित्रपट दुसऱ्या दिवशी गाडीत घालून जालन्याला नेऊन दाखवता येत नाही, ते यामुळे.

वास्तविक भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सवच फिरता होता. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत सुरू झालेला तो सोहळा पुढे मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्यालाही गेला. त्यात दाखवलेल्या, व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या १९४८ च्या चित्रपटात चोरीला गेलेल्या सायकलीच्या शोधात रोमभर वणवण करणारा एक बेकार बाप आणि त्याचा लहान मुलगा दिसतो. स्टुडिओतील देखाव्यांऐवजी खरे रस्ते आणि मुख्य भूमिकांत व्यावसायिक नटांऐवजी साधी माणसे घेणाऱ्या या इटालियन नववास्तववादाचा ठसा बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर (१९५३) उमटला, हे सर्वमान्य आहे. एका महोत्सवाने एवढे साधले, तर वर्षभर नियमित दाखवलेल्या चित्रपटांनी किती साधेल, हा विचार फिल्म सोसायटी चळवळीच्या मुळाशी आहे. फिल्म सोसायटी म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणारे, चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवणारे मंडळ. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात असे मंडळ उभे केले, १९५९ मध्ये देशभरातील मंडळांचा महासंघ झाला आणि मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळाने मराठी रसिकाला हे दार उघडून दिले. पुढे सुधीर नांदगावकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘थर्ड आय’ आशियाई चित्रपट महोत्सव याच चळवळीतून उभा राहिला.

जालन्यासारख्या शहराला मात्र मुंबई-पुण्यापेक्षा अधिक जवळचे उदाहरण कर्नाटकातील हेग्गोडूचे आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातील या लहानशा गावात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने १९७३ मध्ये चित्रपट मंडळ सुरू केले आणि सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांपुढे जगातील अभिजात चित्रपट ठेवले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचे मोल असे की, गावकऱ्याला हे झेपणार नाही, ही शहरी समजूत त्यांनी कृतीने खोडून काढली. त्यासाठी चित्रपटाचा परिचय आणि त्यावरील बोलणे कन्नडमध्ये ठेवले.

मराठवाड्यात नेमकी या आपल्या भाषेचीच उणीव आहे. इराणी किंवा कोरियन चित्रपटाखाली इंग्रजी उपशीर्षके, म्हणजे संवादांचा लिखित अनुवाद, धावत असतात आणि त्या वेगाने इंग्रजी न वाचणारा प्रेक्षक अर्ध्या कथेलाच मुकतो. ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाने २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात आणि ‘साबर बोंडं’ने २०२५ मध्ये सनडान्सला पुरस्कार मिळवले, ते तेथील प्रेक्षकाने मराठी संवाद आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचले म्हणून; तीच सोय मराठी प्रेक्षकाला मिळणे न्याय्य आहे. हे काम तांत्रिकदृष्ट्या अवघडही नाही, कारण मूळ चित्रपटाला हात न लावता पडद्याखालच्या वेगळ्या पट्टीवर दुसऱ्या भाषेतील ओळी दाखवण्याची पद्धत महोत्सवांत रुळलेली आहे.

अंतराच्या प्रश्नालाही एक दाखला आहे. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, एकाच ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून केरळचा आंतरराष्ट्रीय महोत्सव तिरुवनंतपुरम, कोची, तलश्शेरी आणि पालक्काड अशा चार शहरांत विभागून भरवण्यात आला. त्या वेळी अडचणीपोटी झालेली वाटणी जालना, बीड, परभणी यांच्यासाठी आवर्जून करता येईल. महोत्सवातील पाच-सहा निवडक चित्रपट फेब्रुवारीत जालन्यात आणायचे, तर निर्मात्यांशी होणाऱ्या करारात दुसऱ्या खेळाची परवानगी, मंत्रालयाकडे जाणाऱ्या अर्जात जालन्याचे नाव आणि तेथील यंत्रासाठी स्वतंत्र किल्ली या तिन्ही गोष्टी आधीच मागून ठेवाव्या लागतील, आणि मराठी उपशीर्षकांना वेळ मिळण्यासाठी चित्रपटांची निवड दिवाळीच्या सुमारासच पक्की करावी लागेल.