यंत्राचा दुभाषा

परक्या भाषेच्या माणसाशीं बोलावयाचें झाल्यास आपणांस दुभाषा लागतो. आजच्या कारखान्यांतील यंत्रांसहि तो लागतो, आणि त्याच्या चुकीचें मोल पोलादांत मोजावें लागतें. हा दुभाषा दुरुस्त करण्याचें साधन कसें निवडावें, याविषयीं दोन शब्द आम्ही वाचकांस सांगूं इच्छितों.

अंकांच्या आज्ञांनीं चालणारें मिलिंग यंत्र १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें लोकांस दाखविण्यांत आलें. त्या वेळीं आज्ञा कागदाच्या पट्टीवर भोकें पाडून देत. आतां सीएनसी यंत्रासाठीं वस्तूची आकृति संगणकावर काढतात, आणि हत्यारानें कोणत्या वाटेनें फिरावें हें कॅम नांवाचें सॉफ्टवेअर ठरवितें. ती वाट मात्र कोणत्याहि एका यंत्राच्या बोलींत लिहिलेली नसते. तिचें भाषांतर करणारा जो भाग, तोच पोस्ट-प्रोसेसर.

बोली तरी किती निराळ्या! फॅनुकच्या नियंत्रकास सरळ रेषेंत कापीत जाण्यास सांगावयाचें तर 'जी ०१' लिहावें. हायडेनहाइनच्या स्वतःच्या बोलींत नुसतें 'एल' पुरतें. यंत्रमानवांची तऱ्हा आणखी वेगळी. हत्याराचा कल कूकाच्या यंत्रमानवास तीन कोनांत सांगतात. एबीबीच्या यंत्रमानवास तोच कल चार अंकांत.

एका लहान कारखान्यांत आम्हीं जें पाहिलें तें येथें सांगतों. फॅनुकच्या अनेक यंत्रांवर 'झेड १०.' म्हणजे १० मिलिमीटर; परंतु शेवटचा बिंदु गळाला, तर यंत्र तेंच १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, समजतें. विक्रेत्यानें पोस्ट-प्रोसेसरची नवी प्रत पाठविली, आणि तींत हत्यार वर उचलण्याच्या ओळींतील तेवढा बिंदु गळाला. हत्यार केसभरहि न उचलतां भरधाव आडवें गेलें व क्लॅम्पवर आदळलें. यंत्राचें दार बंद होतें म्हणूनच चालकाचे डोळे वाचले.

संगणकाच्या पडद्यावर तर सर्व ठीक दिसलें होतें! पण तें चित्र भाषांतरापूर्वींच्या वाटेचें होतें. म्हणून अखेरच्या, भाषांतर झालेल्या ओळीच वाचून जें साधन चित्र दाखवितें, तेंच आम्ही पसंत करूं. यंत्रमानवासाठीं तर त्यानें प्रत्येक सांधा आपल्या मर्यादेंत राहतो कीं नाहीं, हेंहि दाखविलें पाहिजे.

दुसरी गोष्ट कुलपाची. विकत मिळणारे कित्येक पोस्ट-प्रोसेसर बंद असतात. ग्राहकास आंत पाहतां येत नाहीं. वरील कारखान्यांत चूक एका बिंदूची आहे हें चालकास तासाभरांत कळलें, तरी विक्रेत्याचें उत्तर येईपर्यंत यंत्र उभें राहिलें. उलट ऑटोडेस्क फ्यूजनचे पोस्ट-प्रोसेसर जावास्क्रिप्टमध्यें, तर रोबोडीकेचे पायथनमध्यें लिहिलेले असतात. ते वाचतां येतात व बदलतांहि येतात. किंमत आम्ही यानंतर पाहूं. अमुक ओळ आंतल्या कोणत्या वाक्यामुळें निघाली, हें बोट ठेवतांच दाखविणारें, आणि जुनी व नवी प्रत शेजारीं मांडून फरक रंगवून देणारें साधन मिळालें, तर चार पैसे अधिक गेले तरी हरकत नाहीं.

इतकें करूनहि, पोस्ट-प्रोसेसर बदलल्यावर पहिली फेरी वस्तु न लावतां, हवेंत, एकेक ओळ थांबवून चालवावी, व थांबविण्याच्या बटणावर बोट ठेवावें.